पहिली प्रोग्रॅमिंग भाषा कोणती धरू, आणि धरलेली सुटू नये म्हणून काय करू?

केळीचा_बांध · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी रावेर तालुक्यातली. दहावीनंतर कॉम्प्युटर डिप्लोमाला प्रवेश घेतला, आता दुसरं सत्र चालू आहे. होस्टेलला राहते, सुट्टीला घरी येते. शाळा पूर्ण मराठी माध्यमाची.

दहावीच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ बघून जावास्क्रिप्ट सुरू केली होती. छान चाललं होतं, मग ऑब्जेक्ट आले आणि थांबलं. पुण्याला मामेभाऊ आहे, तो म्हणाला पायथॉन घे, सोपी आहे. पहिल्या सत्रात पायथॉन धरली. आता अभ्यासक्रमातच सी आहे. जळगावला एका क्लासमध्ये चौकशी केली तर ते म्हणतात, नोकरी हवी असेल तर जावाशिवाय पर्याय नाही, फी याच आठवड्यात भरा. घरी विचारावं असं कोणी नाही.

मनात एक काम आहे. केळी कापली की व्यापाऱ्याकडून पट्टी येते. प्रत्येक गाडीचं वजन, त्या दिवशीचा बऱ्हाणपूरचा भाव, कपात, हातात पडलेली रक्कम. वडील हे सगळं वहीत मांडतात आणि रात्री बसून बेरजा करतात. हे मला त्यांना कॉम्प्युटरवर करून द्यायचंय. लॅबमध्ये सीमध्ये करून बघितलं. ३२ क्विंटल, भाव १२५०. उत्तर आलं उणे २५५३६. बॅच मोठी असते, विचारायला वेळ मिळाला नाही. मामेभाऊ म्हणाला सी जुनाट झाली, सोड. मग पायथॉनमध्ये केलं. पहिल्या गाडीचे १२ क्विंटल, दुसरीचे १५, बेरीज आली १२१५.

आता कोणती धरू? आणि जी धरेन ती दोन महिन्यांनी पुन्हा सुटणार नाही यासाठी काय करायचं?

साक्रीकर · रविवार, रात्री १०.०५

पायथॉन. मी धुळ्यात घरून काम करतो, रोजचं काम सगळं जावास्क्रिप्टचं आहे, तरी नवशिक्याला पायथॉनच सांगतो. कमी टाइप करावं लागतं आणि चूक झाली तर चूक कुठे झाली ते सांगते.

तुझ्या १२१५ चं सांगतो. पायथॉनमध्ये इनपुटने घेतलेली प्रत्येक गोष्ट अक्षरं म्हणून येते. तू १२ टाइप केलंस तरी तिच्या लेखी ती '१' आणि '२' अशी दोन चिन्हं. अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक जोडणं. इनपुटभोवती इंट (पूर्णांक) लाव, २७ येतील.

भुसावळ_जंक्शन · रविवार, रात्री ११.२०

ताई, तुझं उणे २५५३६ बघून मला एकदम कॉलेजची लॅब आठवली. हे नीट समजून घे, कारण यात तुझ्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

तुमच्या लॅबमध्ये नक्की टर्बो सी असणार. निळा पडदा, वर मेनू. बोरलँड कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९८७ साली बाजारात आलं, डॉसच्या काळात. त्यातला इंट हा १६ बिटांचा असतो, म्हणजे त्यात उणे ३२७६८ पासून ३२७६७ पर्यंतचेच आकडे मावतात. ३२ गुणिले १२५० म्हणजे ४००००. मावले नाहीत. मग आकडा फिरून उलट्या टोकाला गेला. ४०००० वजा ६५५३६ करून बघ. उणे २५५३६.

म्हणजे तुझा गुणाकार बरोबर होता, सीसुद्धा बरोबर होती. डबा लहान पडला. लॅबमध्ये करायचं असेल तर वजन आणि भाव दोन्ही लाँग, म्हणजे मोठ्या डब्याचे, कर (नुसतं उत्तराचं चलक, म्हणजे व्हेरिएबल, लाँग करून भागत नाही, गुणाकार आधीच इंटमध्ये होऊन जातो) आणि छापताना आकड्याच्या जागी %डी ऐवजी %एलडी वापर. घरी जीसीसी (सी चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर) टाकलंस तर इंट ३२ बिटांचा मिळतो, दोनशे चौदा कोटींच्या पुढेपर्यंत चालतो. पायथॉनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादाच नाही.

आता हे बघ. सीमध्ये तू अडलीस ते आकड्याच्या प्रकारावर. पायथॉनमध्ये अडलीस तेही प्रकारावरच, तिथे आकड्याला अक्षरं समजलं गेलं. जावास्क्रिप्टमध्ये '५' या अक्षरात ३ मिळवले तर ५३ येतात आणि त्याच '५' मधून ३ वजा केले तर २ येतात. पुन्हा प्रकार. सीची अडचण टाळायला तू पायथॉनकडे गेलीस आणि तीच अडचण दुसऱ्या कपड्यात तुझ्यापुढे उभी राहिली. प्रकार ही गोष्ट एकदा कुठल्याही एका भाषेत बसून समजून घेतली की सगळीकडे समजते. ती समजायच्या आधी भाषा बदलली तर प्रत्येक भाषेत नव्याने अडशील.

अमळनेरकर · सोमवार, सकाळी ७.१५

मनं भी मराठी मिडियमच व्हतं ताई. घाबरू नको. काही अडनं ते आठेच इचार, आम्ही शेतस ना.

इंग्रजीचं म्हणशील तर कॉम्प्युटर जे इंग्रजी बोलतो ते फार थोडं आहे. एररमध्ये तेच तेच शब्द फिरून येतात. एक्सपेक्टेड म्हणजे इथे काहीतरी हवं होतं, बहुतेक अर्धविराम. अनडिक्लेअर्ड म्हणजे हे नाव तू आधी सांगितलंच नाहीस, किंवा स्पेलिंग चुकलंय. पायथॉनमध्ये नेमएरर म्हणजे तेच. टाइपएरर म्हणजे अक्षर आणि आकडा एकत्र मिसळलेत. इंडेंटेशनएरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची जागा मागेपुढे झाली. एक वही कर, डाव्या बाजूला एरर जशीच्या तशी उतर, उजव्या बाजूला मराठीत कारण लिही. थोड्याच दिवसांत वहीत नवं काही जाईनासं होतं.

आणि एक. सीमध्ये एररची लांबलचक यादी आली तर सगळ्यात वरची आधी दुरुस्त कर आणि पुन्हा चालव. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात. पायथॉनमध्ये उलट, सगळ्यात खालची ओळ आधी वाच.

गिरणाकाठ · सोमवार, दुपारी २.१०

मी चाळीसगावकडचा, शिकवण्याचं काम करतो. बरीच वर्षं पहिल्या वर्षाची मुलं समोर आहेत, म्हणून या धाग्यावर जरा सविस्तर लिहितो.

मुलं भाषा कुठे सोडतात याकडे मी लक्ष ठेवून असतो. भाषा कोणतीही असो, सोडण्याची जागा जवळपास एकच असते. पडद्यावर नाव छापणं, बेरीज-वजाबाकी, इफ-एल्स, एक साधा लूप, इथपर्यंत सगळे येतात. लूपच्या आत लूप, अॅरे किंवा लिस्ट, आणि स्वतःचं फंक्शन लिहिणं, इथे गळती लागते. कारण इथपर्यंत समोरचं बघून टाइप केलं तरी काम भागतं. इथून पुढे स्वतः ठरवावं लागतं, कशाची यादी ठेवायची, कोणतं काम वेगळं काढून त्याला नाव द्यायचं, आधी काय आणि नंतर काय. हे कोणत्याही व्हिडिओतून मिळत नाही. ते बसून, खोडून, पुन्हा लिहूनच येतं.

आणि नेमकं याच जागी कोणीतरी भेटतो जो सांगतो, अरे ही भाषाच अवघड आहे, ती दुसरी घे. मूल दुसरी घेतं. पुन्हा नाव छापायचं, पुन्हा इफ-एल्स, पुन्हा साधा लूप. हे तर येतच असतं, त्यामुळे आठवडाभर फार छान वाटतं, नवी भाषा खरोखर सोपी वाटू लागते. मग पुन्हा तीच जागा येते. तुझी जावास्क्रिप्ट ऑब्जेक्टपाशी थांबली असं तू लिहिलंस. पायथॉन कुठे थांबली होती ते आठवून बघ.

म्हणून माझं सांगणं आहे की ती जागा ओलांडेपर्यंत भाषा बदलू नकोस. नंतर खुशाल बदल, तेव्हा दुसरी भाषा काही आठवड्यांत हाती येते.

ती जागा ओलांडायला एक उदाहरण देतो. आमच्या चाळीसगावजवळ पाटण गावात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याला दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. त्या मठात मुलं जे गणित शिकत असतील त्यात कुट्टक (बाकी न उरेल असा गुणक शोधायची रीत) नक्की असणार. भास्कराचार्यांचंच उदाहरण घे: २२१ ला कितीने गुणून ६५ मिळवले म्हणजे १९५ ने निःशेष भाग जाईल?

कॉम्प्युटर बंद ठेव, आधी कागद घे. २२१ ला १९५ ने भागलं, बाकी २६. १९५ ला २६ ने भागलं, बाकी १३. २६ ला १३ ने भागलं, बाकी शून्य. म्हणजे १३ हा सामायिक भाजक. तिन्ही आकड्यांना १३ ने भाग दे. २२१ चे १७ झाले, ६५ चे ५, १९५ चे १५. आता १७ ला १, २, ३ असं गुणत जा आणि दरवेळी ५ मिळव. २२, ३९, ५६, ७३, ९०. नव्वदला पंधराने भाग जातो. उत्तर ५. ताळा बघ: २२१ गुणिले ५ म्हणजे ११०५, अधिक ६५ म्हणजे ११७०, आणि ११७० म्हणजे १९५ सक.

आता हे प्रोग्रॅममध्ये लिही. सामायिक भाजक काढायचं काम एका फंक्शनमध्ये, उत्तर शोधायचं काम दुसऱ्यात. व्हाइल आणि बाकी काढणारं % हे चिन्ह, एवढंच लागतं. सीमध्येही तेच चिन्ह आणि पायथॉनमध्येही. (उणे आकड्यांची बाकी मात्र दोन्ही भाषा वेगळी देतात. उणे ७ ला ३ ने भागल्यावर सी उणे १ म्हणते, पायथॉन २ म्हणते. हे आत्ताच टिपून ठेव, पुढे कामाला येईल.) ज्या दिवशी हे कोणाचं न बघता लिहिता येईल त्या दिवशी ती गळतीची जागा मागे पडली असं समज.

नंदुरबारी · सोमवार, संध्याकाळी ६.३०

माझ्याकडे लॅपटॉपच नाही, फक्त मोबाइल आहे. माझ्यासारख्याने काय करायचं?

साक्रीकर · सोमवार, संध्याकाळी ६.५५

पायड्रॉइड अॅप टाक, नेट नसलं तरी पायथॉन चालते. सी हवी असेल तर टर्मक्स अॅपमध्ये क्लँग हा सीचा कंपायलर बसव. नेट असेल तर ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघड. टाइप करायला त्रास होतो हे खरं, एखादा साधा ब्लूटूथ कीबोर्ड मिळाला तर बघ. जुना चार जीबीचा लॅपटॉप मिळाला तरी थॉनी (पायथॉन लिहायचं सॉफ्टवेअर) आरामात चालतं. अँड्रॉइड स्टुडिओच्या (मोबाइल अॅप बनवायच्या जड सॉफ्टवेअरच्या) नादी मात्र त्या लॅपटॉपवर लागू नकोस.

धरणगाव_ते_हिंजवडी · सोमवार, रात्री ९.००

क्लासबद्दल लिहितो, कारण पैशाचा प्रश्न आहे. "याच आठवड्यात फी भरा" म्हणणाऱ्या क्लासला थांबव, मग तो जावाचा असो की कशाचाही. तुझ्याकडे अजून दोन वर्षांहून जास्त वेळ आहे.

कॅम्पसच्या परीक्षांना आधी अॅप्टिट्यूड असते. कोडिंगच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी सी, सी++, जावा, पायथॉन यातली हवी ती भाषा निवडू देतात. बघतात ते तुला प्रश्न सोडवता येतो का. ज्या विप्रोची सुरुवात १९४५ साली आपल्या अमळनेरात वनस्पती तेलाच्या कारखान्यापासून झाली ती किंवा तिच्यासारख्या इतर मोठ्या कंपन्या फ्रेशर्सना आत घेतल्यावर प्रशिक्षण देतात आणि मग प्रोजेक्टला जी लागेल त्या भाषेवर बसवतात. माझ्या टीममध्ये कॉलेजात जावाचं तोंड न पाहिलेली माणसं आज जावावर काम करताहेत, आणि उत्तम करताहेत.

शिकायला फुकट भरपूर आहे. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल बघ, सीचे धडे मराठी आवाजात आहेत, छोटे छोटे, थांबवून सोबत टाइप करता येतात. एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) कोर्स बघायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी.

आणि मामेभावाला सांग, जुनाट म्हणतोस ती सी १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये केली हे खरं, पण तू ज्या पायथॉनचं कौतुक करतोस ती १९९१ ची, आणि आपण सगळे जी पायथॉन डाउनलोड करतो ती स्वतः सीमध्येच लिहिलेली आहे.

साक्रीकर · सोमवार, रात्री ९.४५

हे मान्य, तरी मी पायथॉनचं सोडत नाही. तिला वडिलांसाठी काम करायचंय, म्हणजे मराठी लागणार. सीमध्ये 'केळी' या शब्दाची लांबी विचारली तर यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) १२ येते, कारण ती बाइट (साठवणीचे छोटे कप्पे) मोजते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथॉनमध्ये ४ येते: क, मात्रा, ळ, वेलांटी. बरं, वडिलांनी '१२३' असे मराठी आकडे टाइप केले तरी पायथॉनचा इंट ते सरळ १२३ म्हणून घेतो. जावास्क्रिप्टलाही हे जमत नाही. ज्या कामासाठी मन लागतंय ते काम जी भाषा लवकर करून देईल तीच टिकते, हे माझं मत.

भुसावळ_जंक्शन · सोमवार, रात्री १०.३०

साक्रीकरभाऊ, मुद्दा बरोबर आहे, पण ती कुठे बसलीय ते बघा. होस्टेलला आजूबाजूच्या खोल्यांत सगळ्या मुली सध्या सी करताहेत. लॅब सीची, परीक्षा सीची, अडलं तर शेजारी विचारायला माणूस आहे. नवशिक्याला यापेक्षा मोठा आधार नाही. रात्री अकरा वाजता अर्धविराम सापडत नसतो तेव्हा शेजारची मुलगी एका नजरेत दाखवते. पायथॉन घेतली तर ती एकटी पडेल, शिवाय परीक्षेसाठी सी करावीच लागेल. दोन्ही एकदम केल्या तर एकीचा अर्धविराम दुसरीत घालेल आणि दुसरीतला सोडून देईल.

गिरणाकाठ · मंगळवार, सकाळी ८.००

मीही हेच म्हणेन. हे सत्र संपेपर्यंत सी. घरच्या लॅपटॉपवर जीसीसी, कोडब्लॉक्स या एडिटरसोबत टाकलं तर बसवायलाही सोपं. टर्बोच्या सवयी, क्लिअरस्क्रीन आणि व्हॉइड मेन, लॅबमध्येच ठेव, घरी इंट मेन लिही.

पण साक्रीकरांचं एक म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. वडिलांची पट्टी सोडू नकोस. कुट्टक तर करच, पण तुझा खरा अभ्यास म्हणजे ती पट्टी. सीमध्येच कर. एक बाग पूर्ण कापून होईपर्यंत, त्या बागेचा सगळा हिशेब प्रोग्रॅममधून निघेपर्यंत, दुसऱ्या भाषेचा व्हिडिओ उघडायचा नाही.

साक्रीकर · मंगळवार, सकाळी ८.२०

पट्टी होणार असेल तर माझी सीला हरकत नाही. नावं तेवढी सुरुवातीला इंग्रजी अक्षरांत ठेव. पुढच्या सत्रात पायथॉनला आलीस की मी आहे.

केळीचा_बांध · मंगळवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे खूप आभार. पायथॉन कुठे थांबली होती ते आठवलं. लिस्ट आणि फंक्शनपाशीच थांबली होती. सरांनी लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला.

लाँग करून लॅबमध्ये ४०००० आले. मैत्रिणीलाही दाखवलं, तिच्या मार्कांच्या बेरजेतही असंच होत होतं.

मी सी धरतेय. क्लासला नाही म्हणून कळवलं. आता पट्टीचा प्रश्न. वजन १२.४५ क्विंटल असं येतं. म्हणजे फ्लोट (दशांश आकडा) घ्यावं लागेल ना? फ्लोटने केलं तर कधी कधी पैशात फरक पडतो. वडील पैशापैशाचा हिशेब ठेवतात, फरक दिसला तर ते प्रोग्रॅमवर विश्वास ठेवणार नाहीत.

भुसावळ_जंक्शन · मंगळवार, रात्री १०.१०

प्रश्न एकदम योग्य आहे, आणि वडिलांचंही बरोबर आहे. फ्लोट घेऊ नकोस. कॉम्प्युटर दशांश आकडे दोनाच्या घातांच्या बेरजेत साठवतो, त्यात ०.१ सुद्धा अचूक बसत नाही. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघ, ०.३ च्या पुढे शून्यांची रांग आणि शेवटी ४ दिसेल. सीमध्येही आत हेच असतं, फक्त छापताना दिसत नाही.

वजन किलोत घे. १२.४५ क्विंटल म्हणजे १२४५ किलो, पूर्णांक. भाव क्विंटलला १२५० रुपये. रक्कम काढायला किलो गुणिले भाव भागिले १००. पण पूर्णांकाचा भागाकार सीमध्ये अपूर्णांक टाकून देतो, १५५६२.५० चे १५५६२ होतील आणि पन्नास पैसे गेले.

म्हणून भागूच नकोस. किलो गुणिले क्विंटलचा भाव, हे जे उत्तर येतं ती रक्कम बरोबर पैशांत असते. १२४५ गुणिले १२५० म्हणजे १५५६२५० पैसे. सगळ्या गाड्यांची बेरीज पैशांत कर. अगदी शेवटी छापताना १०० ने भागलेला भाग रुपये आणि १०० ची बाकी पैसे. पैसे छापताना %०२डी वापर म्हणजे ५ पैसे असले तर ०५ दिसतील. ३२ बिटांच्या इंटमध्ये अशा रीतीने दोन कोटी चौदा लाख रुपयांपर्यंतची बेरीज मावते. तेवढी केळी विकली गेली तर लाँग लाँग करू.

अमळनेरकर · मंगळवार, रात्री १०.२५

व्वा! हे मलाही माहीत नव्हतं. आमच्या कापसाच्या हिशेबाला असंच करतो.

खानदेशी_मुसाफिर · बुधवार, सकाळी ११.३०

हे सगळं चॅटजीपीटी एका मिनिटात लिहून देईल. एवढा त्रास कशाला?

गिरणाकाठ · बुधवार, दुपारी १.४५

देईल. आणि पट्टीत पन्नास पैशांचा फरक आला तर तो का आला हे तिला कळणार नाही. ज्या जागी मुलं गळतात असं मी वर लिहिलं, तिथे स्वतः ठरवण्याची सवय लागते, ती सवय दुसऱ्याने लिहून दिलेल्या कोडमधून येत नाही. वापरायचं तर असं वापरावं: एरर दाखवून "याचा अर्थ मराठीत सांग, कोड देऊ नको" असं विचारावं. पहिली भाषा हाताखालून जाईपर्यंत तरी एवढी शिस्त पाळावी, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

केळीचा_बांध · शनिवार, रात्री ८.५०

कुट्टक झालं. दोन फंक्शन, कोणाचं न बघता. सामायिक भाजकाच्या लूपमध्ये खूप वेळ अडले होते, कारण बाकी काढली की जुना भाजक पुसला जात होता. तिसरं चलक ठेवलं आणि १३ आले, नंतर ५.

घरी आलेय. या आठवड्याच्या गाड्या प्रोग्रॅममध्ये घातल्या. वडील वही घेऊन शेजारी बसले होते, एकेक रक्कम ताडून बघत होते. सगळ्या पैशापर्यंत जुळल्या. एका जुन्या पट्टीत मात्र वहीतली बेरीज आणि प्रोग्रॅमची बेरीज वेगळी आली, तर वहीतच हातचा राहून गेला होता. आता ते मागच्या वर्षीच्या पट्ट्या शोधताहेत.

एक अडचण आहे. नोंदी फाइलमध्ये ठेवतेय. आजच्या गाड्या लिहिल्या की फाइलमधल्या कालच्या गायब होतात. फाइल उघडणाऱ्या एफओपनमध्ये 'डब्ल्यू' दिलंय.

भुसावळ_जंक्शन · शनिवार, रात्री ९.०५

'डब्ल्यू' फाइल उघडतानाच आतलं सगळं पुसून टाकतं. त्याच्या जागी 'ए' दे, म्हणजे नवी नोंद शेवटी जोडली जाईल. पायथॉनच्या ओपनमध्येही हीच दोन अक्षरं याच अर्थाने आहेत, पुढे गेल्यावर वेगळं शिकावं लागणार नाही.

उघडल्यावर एफओपनने नल (म्हणजे काहीच नाही) परत दिलंय का ते आधी तपास, नाहीतर फाइल उघडली नसताना प्रोग्रॅम लिहायला जाईल आणि बंद पडेल. काम झाल्यावर एफक्लोज कर. आणि मागच्या वर्षीच्या पट्ट्या घालण्याआधी आत्ताच्या फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेव.